मदत हवी आहे : थायोपेन्टोन (भुलीचं औषध) शिरेबाहेर गेलं, १८ तास झालेत – हाताची त्वचा वाचवायला आता काय करता येईल?

सिस्टर_गंगापूररोड

नाशिकमधल्या २० खाटांच्या नर्सिंग होमचा प्रश्न आहे. पेशंट बाई, वय ५२, वजन ५८ किलो, शुगर-बीपी काही नाही. काल दुपारी पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी भूल देताना उजव्या हाताच्या पाठीवरच्या २२ गेज इंट्राकॅथमधून (शिरेत बसवलेल्या प्लास्टिकच्या नळीतून) थायोपेन्टोन (२.५ टक्के) दिलं जात होतं. इंट्राकॅथ सकाळी वॉर्डातच लावलेली होती. साधारण ४ मिली गेल्यावर चामडी फुगलेली दिसली. लगेच थांबवलं, डाव्या हाताला नवी लाइन घेतली, ऑपरेशन व्यवस्थित झालं. उजव्या हाताची इंट्राकॅथ मात्र तिथल्या तिथे काढून टाकली गेली. रात्री बर्फ लावला आणि मॅगसल्फ-ग्लिसरीनची पट्टी ठेवली.

आज सकाळची स्थिती : ४ बाय ३ सेंमी लाल भाग, मध्ये साधारण १ सेंमीचा फिकट डाग. त्या डागावर दाबून सोडलं की रंग परत यायला ५ सेकंद लागतात. फोड नाही. बोटं हलतात, मधल्या बोटाच्या पाठीवर थोडं बधिर वाटतंय. मनगटाची नाडी चांगली लागते.

प्रश्न असे :
१. हायलुरोनिडेजचा आता उपयोग आहे का?
२. बर्फ की शेक? वॉर्डात दोन्ही बाजूंनी ठाम मतं आहेत.
३. प्लास्टिक सर्जनना कधी बोलवायचं?
४. असं परत झालं तर हाताशी असावं म्हणून ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) काय काय ठेवावं?

भूलवाला_नाशिक

सिस्टर, तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तोच आजचा आहे. प्लास्टिक सर्जनना आजच दाखवा, फोड येण्याची वाट बघू नका. फिकट डाग, ५ सेकंदांचं रिफिल (२ सेकंदांच्या आत हवं) आणि बधिरपणा या तीन गोष्टी एकत्र आल्यात. चामडी लाल असेल तर तिच्यात रक्त फिरतंय. फिकट असेल तर फिरत नाहीये. काळजी त्या १ सेंमीची आहे, ४ सेंमीची नाही.

ते येईपर्यंत दर दोन तासांनी एक तपासणी करा. बोटं तुम्ही स्वतः हळूच वाकवा आणि सरळ करा. तेव्हा हाताच्या पाठीत किंवा तळव्यात फार दुखलं, हात लाकडासारखा टणक लागला, किंवा बधिरपणा वाढत गेला, तर आत दाब वाढलाय. ती वेगळी इमर्जन्सी, त्यात तासांचा हिशेब असतो. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका, असा दाब वाढला तरी नाडी बराच वेळ लागत राहते. पेशंटला ट्रॅमाडॉलसारखं काही चालू असेल तर दुखणं दबलेलं असणार, तेही लक्षात ठेवा.

उजव्या हातात बांगड्या, अंगठी राहिली असेल तर आत्ता काढा. निघत नसेल तर कापा. हे खरं म्हणजे ऑपरेशनच्या आधीचं काम. पण एक तरी बांगडी राहू द्या असा आग्रह होतो आणि आपण मान देतो.

आता हायलुरोनिडेज. ते त्वचेखालच्या ऊतींमधलं हायलुरोनिक आम्ल तोडतं, म्हणून साचलेलं औषध पसरून लवकर शोषलं जातं. औषध तिथे साचलेलं असतानाच त्याचा फायदा. पहिल्या तासात दिलं तर सगळ्यात चांगलं, काही तासांपर्यंत देतात. १८ तासांनी थायो जे करायचं ते करून बसलेलं असतं. आता टोचून फार काही मिळणार नाही, उलट आधीच रक्त कमी असलेल्या चामडीला पाच भोकं पडतील. मी देणार नाही, पण शेवटचा शब्द प्लास्टिक सर्जनचा.

चामडी का जळते तेही सांगतो, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. थायोपेन्टोनच्या द्रावणाचा पीएच १०.५ च्या आसपास असतो, म्हणजे चांगलंच अल्कली. रक्तात मिसळताना ते पटकन पातळ होतं. त्वचेखाली मात्र जागेवरच बसतं, पीएच उतरला की त्याचे स्फटिक होतात, बारीक रक्तवाहिन्या आवळतात. आधी रासायनिक दाह, मग रक्तपुरवठा तुटल्याने ऊती मरणं. हाताच्या पाठीवर चामडीखाली चरबी जवळजवळ नसते आणि लगेच खाली बोटं सरळ करणारे स्नायुबंध. म्हणून तेच ४ मिली दंडात गेले तर कमी नुकसान, हाताच्या पाठीवर जास्त.

ओटीटेक_सिडको

आमच्याकडे अशा वेळी थ्रोम्बोफोब मलम लावून गरम शेक देतात. दोन-तीन दिवसांत उतरतं.

भूलवाला_नाशिक

@ओटीटेक_सिडको, जे उतरतं ते साधं सलाईन बाहेर गेलेलं असतं, नाहीतर शिरेची सूज. थ्रोम्बोफोबचा उपयोग शिरेच्या सुजेला : दोन-चार दिवसांनी शीर दोरीसारखी कडक लागते, हात लावला की दुखते, तिथे. थायो बाहेर जाण्याचा त्याच्याशी संबंध नाही. आणि मलम लावताना हात चोळला जातोच. चोळण्याने औषध आजूबाजूच्या चांगल्या ऊतीत ढकललं जातं.

बर्फ की शेक याचं उत्तर औषधावर ठरतं. थायो, प्रोमेथाझिन, २५ टक्के डेक्स्ट्रोज यांना पहिले २४ ते ४८ तास थंड : कापडात गुंडाळलेला पॅक, १५ ते २० मिनिटं, दिवसातून चारेक वेळा. बर्फ थेट चामडीवर कधीच नाही. नॉरअ‍ॅड्रिनलिन, व्हॅसोप्रेसिन, डोपामिन या बीपी वाढवणाऱ्या औषधांना बर्फ अजिबात नाही. तिथे शिरा आधीच आवळलेल्या असतात, कोमट शेकच द्यायचा. सिस्टरच्या पेशंटच्या फिकट डागावर आता मी बर्फही थांबवेन. रक्त कमी असलेल्या जागेवर आणखी थंडी नको. हात उंच ठेवणं मात्र चालू राहू दे, कोपर उशीवर आणि पंजा हृदयाच्या वर, ४८ तास.

मॅगसल्फची पट्टी काढून टाका. साध्या सुजेवर वॉर्डातली जुनी सवय म्हणून चालते. इथे तिच्याखाली चामडीचा रंग दिसत नाही आणि फोड येणार असेल तर चामडी भिजून मऊ पडते.

प्लास्टिकवाला

वरच्या तपासणीत दोन भर. एक, आत्ता लगेच त्वचेच्या पेनने लाल भागाची कड आखा, आतल्या फिकट डागाची वेगळी, दोन्हींवर वेळ लिहा. शेजारी कागदी पट्टी धरून फोटो काढा. उद्या त्याच उजेडात, तेवढ्याच अंतरावरून. 'थोडं वाढलंय वाटतं' या वाक्यावर कोणालाच निर्णय घेता येत नाही.

दोन, चामडीचं काय होणार हे लगेच कळत नाही. मेलेला आणि जिवंत भाग यांच्यातली रेषा स्पष्ट व्हायला एक ते तीन आठवडे लागतात. पहिल्या दिवशी फक्त लाल दिसलेला हात दहाव्या दिवशी काळी खपली घेऊन येऊ शकतो. म्हणून 'बरं वाटतंय' म्हणून डिस्चार्ज झाला की फाइल बंद, हे चालत नाही.

१ सेंमीचा डाग कोरडा आणि काळा झाला तर बहुतेक वेळा ड्रेसिंगवर भरून येतो. त्याखाली स्नायुबंध उघडा पडला तर ड्रेसिंगने भागत नाही, जवळची चामडी फिरवून आणावी लागते, उघड्या स्नायुबंधावर साधा स्किन ग्राफ्ट धरत नाही. फोड आला तर फोडू नका. पॅराफिन गॉज, वर कोरडं गॉज, सैल बँडेज. सिल्व्हर सल्फाडायझिन घाईने थापू नका, त्या पांढऱ्या थराखाली रंग कळत नाही. नुसत्या लालीसाठी अँटिबायोटिकही नको.

आणि बोटं हलती ठेवा. सूज असलेला हात आठवडाभर गळ्यात बांधून ठेवला तर चामडी बरी होते, बोटं आखडतात. रात्री स्प्लिंट, दिवसा तासाला दहा वेळा मूठ उघड-बंद.

सुरुवातीच्या काही तासांत फोन आला असता तर आणखी एक गोष्ट हातात होती. गॉल्ट यांनी १९९३ मध्ये मांडलेली धुण्याची पद्धत : जागा बधिर करायची, १,५०० युनिट हायलुरोनिडेज टोचायचं, मग कडेने चार बारीक छेद घेऊन एकातून सलाईन सोडायचं आणि बाकीच्यांतून बाहेर येऊ द्यायचं, २० ते ५० मिलीच्या टप्प्यांनी एकूण ५०० मिलीपर्यंत. हे वॉर्डात करून बघायचं काम नाही. पण असं काही असतं हे सिस्टरांना माहीत असेल तर फोन दुसऱ्या दिवशी न येता वेळेत येतो.

सिस्टर_गंगापूररोड

दोघांचेही आभार. कड आखली, फोटो काढले, पट्टी काढली. बांगडी होती, कापली. सर्जन संध्याकाळी ५ ला येत आहेत. चौथ्या प्रश्नाचं सांगाल का? आणि त्या क्षणी नेमकं काय करायला हवं होतं तेही क्रमाने. इंट्राकॅथ काढायला नको होती का?

भूलवाला_नाशिक

नको होती. सगळीकडे हीच चूक होते, कारण हात फुगलेला दिसला की काढून टाकणं ही सवय झालेली असते. ती नळी औषधाच्या डबक्यात उभी असते. काढली की औषध परत ओढून घ्यायचा एकमेव रस्ता गेला.

क्रम असा. औषध थांबवा. दंडावर टोर्निकेट राहिलाय का बघा आणि सोडा. बाहीखाली विसरलेला टोर्निकेट हे अशा फुगण्याचं नेहमीचं कारण आहे. सलाईनचा सेट काढा, इंट्राकॅथला ५ मिलीची रिकामी सिरिंज जोडा आणि हळू ओढा. १ मिली निघालं तरी पुष्कळ. फ्लश मारून बघू नका, 'शीर चालू आहे का' ही उत्सुकता फार महाग पडते. तेवढ्यात दुसऱ्याने हायलुरोनिडेज तयार करायचं : १,५०० युनिटची व्हायल १० मिली सलाईनमध्ये, म्हणजे १ मिलीत १५० युनिट. थोडं त्याच इंट्राकॅथमधून सोडा, मग ती काढा. बाकी २६ गेजच्या सुईने फुगवट्याच्या कडेकडेने, पाच जागी ०.२ मिली. भाग मोठा असेल तर जागा वाढवा, प्रत्येक जागी सुई नवी. याची अ‍ॅलर्जी असेल किंवा जागा पिकलेली असेल तर द्यायचं नाही. दाबून बँडेज बांधायचं नाही. हात उंच, कड आखा, वेळ लिहा, फोन.

पेशंट भुलेत असताना हे सगळं डाव्या हाताच्या लाइनवरून भूल चालू ठेवून करायचं असतं, त्यामुळे माणसं दोन लागतात. कोण काय करणार ते आधीच ठरवून ठेवा.

एक फरक मात्र कळायलाच हवा. थायो शिरेबाहेर जाणं वेगळं आणि चुकून धमनीत जाणं वेगळं. कोपराच्या खोबणीत सुई असेल तर दुसरी शक्यता आधी मनात यावी. धमनीत गेलं तर फुगवटा येत नाही, पण बोटांच्या टोकांपर्यंत आग होते, हात पांढरा पडतो, मग निळसर. तिथेही नळी काढायची नाही, पण कारण वेगळं : त्याच नळीतून सलाईन, लिग्नोकेन, पापाव्हेरिन ४० ते ८० मि.ग्रॅ. द्यायचं असतं, पुढे हेपरिन आणि हाताचा ब्लॉक (हाताच्या नसा बधिर करणं). तिथे हायलुरोनिडेजचा काही संबंध नाही.

गोळेकॉलनी_फार्मा

पेटीचं मी सांगतो. हायलुरोनिडेज १,५०० युनिटच्या दोन व्हायल. डोळ्यांच्या ऑपरेशनच्या ब्लॉकमध्ये हे रोज वापरलं जातं, त्यामुळे साध्या मेडिकलमध्ये 'नाही' म्हणाले तरी डोळ्यांच्या दवाखान्यांना पुरवठा करणाऱ्यांकडे मिळतं. गोळे कॉलनीत होलसेलला विचारा. काही ब्रँड फ्रिजमध्ये ठेवायचे असतात, लेबल वाचा. फ्रिजमधला असेल तर पेटीत फक्त 'औषध ओटीच्या फ्रिजमध्ये, दुसरा कप्पा' अशी चिठ्ठी ठेवा, नाहीतर ऐन वेळी पेटी रिकामी निघते.

फेन्टोलामिन (आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) मिळवणं अवघड जातं. नॉरअ‍ॅड्रिनलिन बाहेर गेलं तर ते ५ ते १० मि.ग्रॅ. १० मिली सलाईनमध्ये करून टोचतात, १२ तासांच्या आत. नसेल तर टर्ब्युटालिनचा पर्याय आहे : ०.५ मि.ग्रॅ.चे दोन अँप्युल १० मिली सलाईनमध्ये. सोबत २ टक्के नायट्रोग्लिसरीनचं मलम ठेवा, बीपीवर लक्ष ठेवून लावायचं.

बाकी किरकोळ : २, ५ आणि १० मिलीच्या सिरिंज, २६ गेजच्या अर्ध्या इंचाच्या १० सुया, १० मिली सलाईनचे अँप्युल, लिग्नोकेन, त्वचेचं पेन, कागदी पट्टी, पॅराफिन गॉज, क्रेप बँडेज. झाकणाच्या आतल्या बाजूला एक्स्पायरी मोठ्या अक्षरात. दर महिन्याच्या १ तारखेला बघायची.

भूलवाला_नाशिक

पेटीपेक्षा ती उघडावी लागू नये याची किंमत कमी आहे, म्हणून थोडं आधीचं.

वॉर्डात लावलेल्या इंट्राकॅथवर थायो देऊ नये, हे माझं ठाम मत. पेशंट स्ट्रेचरवरून येतो, चादर ओढली जाते, नळी अर्धी बाहेर आलेली असते. शक्य असेल तर ओटीत नवी लाइन घ्या, हाताच्या पुढच्या भागात, १८ किंवा २० गेज. मनगट आणि कोपराची घडी टाळा. एकदा टोचून हुकलेल्या जागेच्या खाली, म्हणजे बोटांकडे, त्याच शिरेत दुसरी घेऊ नका, वरच्या भोकातून औषध पाझरतं. वर पारदर्शक चिकटपट्टी, पांढऱ्या पट्टीचा गठ्ठा नको. ज्या हाताला बीपीचा पट्टा आहे त्या हाताला ही लाइन नको, पट्टा फुगला की उलटा दाब येतो. ड्रेपखाली हात झाकला जाणार असेल तर औषध दिल्यावर झाका, आधी नाही. पंपाच्या अलार्मवर विसंबू नका, चामडीखाली सहज जाणारं औषध तो निमूटपणे ढकलत राहतो.

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरला की इथे सकाळच्या पहिल्या केसला सगळ्यांच्याच शिरा आत गेलेल्या असतात. हात कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, चार वेळा टोचण्यापेक्षा तेवढी पाच मिनिटं परवडतात.

द्रावण : ५०० मि.ग्रॅ.च्या व्हायलमध्ये २० मिली इंजेक्शनचं पाणी म्हणजे २.५ टक्के. १ ग्रॅमच्या व्हायलमध्ये ४० मिली लागतं. तिथे सवयीने २० घातलं की ५ टक्के होतं, आणि ते बाहेर गेलं तर नुकसान कितीतरी जास्त. आरएलमध्ये (रिंगर लॅक्टेट सलाईनमध्ये) करू नका, साका बसतो.

देण्याआधी १० मिली सलाईन हाताने सोडा आणि सुईच्या वरच्या बाजूला बोट ठेवून बघा. मग थायोचे पहिले २ मिली द्या आणि थांबा, पेशंटला विचारा जळतंय का. शिरेत नीट जाणारं थायो सहसा दुखत नाही. दुखलं की थांबायचं, 'थोडं सहन करा' म्हणायचं नाही. प्रोपोफॉलमध्ये हा नियम चालत नाही, ते शिरेत असूनही झोंबतं. त्यात लिग्नोकेन मिसळलं असेल तर बाहेर गेल्याचंही दुखणं लपतं. तिथे फक्त डोळे आणि बोट.

आणि थायोनंतर स्कोलिन किंवा व्हेक्युरोनियम (स्नायू ढिले करणारी औषधं) देण्याआधी लाइन सलाईनने धुवा. ही औषधं आम्लधर्मी, थायो अल्कली. भेटली की नळीतच पांढरा साका. मग कोणीतरी जोर लावून ढकलतं आणि शीर फुटते.

इंदिरानगरकर_स्टाफ

प्रोपोफॉल बाहेर गेलं तर एवढंच सगळं करायचं का? आणि केटामिन, मिडाझोलाम? आता थायो बऱ्याच ठिकाणी बंदच आहे.

भूलवाला_नाशिक

नाही. १ टक्का प्रोपोफॉल हे सोयाबीन तेलाचं दुधाळ मिश्रण, पीएच ७ ते ८.५, बहुतेक वेळा लाली आणि सूज येऊन जाते. ओढून घ्या, हात उंच, लक्ष ठेवा. तान्ह्या बाळांत किंवा मोठ्या मात्रेत मात्र चामडी मेल्याच्याही नोंदी आहेत. केटामिन आणि मिडाझोलाम स्नायूतही देतातच, त्यामुळे चामडीचा धोका कमी, पण झोप उशिरा आणि बेभरवशाची येते. प्रोपिलीन ग्लायकॉलमधलं एटोमिडेट आणि डायझेपाम यांना हलकं घेऊ नका. त्या एटोमिडेटची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) ४,००० च्या वर असते, रक्ताची ३०० च्या आसपास.

सगळ्यात कमी बोललं जातं ते व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम, अट्राक्युरियमबद्दल. चामडीला फार काही होत नाही, म्हणून सगळे निश्चिंत. पण ते चामडीखाली साठून हळूहळू शोषलं जातं. दुसऱ्या हातातून पूर्ण डोस दिलेला असतो, शेवटी निओस्टिग्मिन (त्यावरचा उतारा) देऊन पेशंट जागा होतो, आणि वॉर्डात गेल्यावर परत ढिला पडतो, श्वास उथळ होतो. असा पेशंट रिकव्हरीत नेहमीपेक्षा जास्त तास ठेवायचा, ऑक्सिमीटर लावून, शक्य असेल तर नर्व्ह स्टिम्युलेटरने तपासून. तिथे हायलुरोनिडेज टोचलं तर शोषण एकदम वाढतं, म्हणून विचारल्याशिवाय टोचायचं नाही.

सिस्टर_गंगापूररोड

सर्जन बघून गेले. दाब वाढलेला नाही. आखलेल्या रेषेच्या बाहेर लाली नाही, फिकट डाग तेवढाच, रिफिल ४ सेकंद. पॅराफिन गॉज, हात उंच, रात्री स्प्लिंट. नोंदीत श्रेणी कोणती लिहायची? सूज १५ सेंमीपेक्षा कमी आहे म्हणून इथे २ लिहिलंय. आणि बाई सुरगाण्याकडच्या आहेत, परवा घरी जायचं म्हणतात.

प्लास्टिकवाला

४ लिहा. इन्फ्युजन नर्सेस सोसायटीच्या ० ते ४ मोजपट्टीत ऊती जाळणारं औषध कितीही थोडं बाहेर गेलं तरी श्रेणी ४ धरतात, सुजेच्या सेंटिमीटरवर जात नाहीत. सोबत औषधाचं नाव, टक्केवारी, अंदाजे मिली, सुईचा गेज, जागा, किती वाजता लक्षात आलं, काय केलं आणि नातेवाइकांना काय सांगितलं. जे केलं नाही तेही खरं लिहा.

घरी जाऊ देत, पण तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी हात दाखवायचा. एसटीने दर वेळी येणं जमणार नसेल तर तिसऱ्या दिवशी फोटोवर भागेल, सातव्या आणि चौदाव्याला प्रत्यक्षच. काळा डाग, पाणी किंवा पू, बोट सरळ न होणं, ताप, यातलं काही झालं तर तारखेची वाट न बघता यायचं. हळद, कोरफड, टूथपेस्ट काही लावायचं नाही, हे वेगळं सांगा, न विचारता लावतात. उजवा हात आहे, तेव्हा दोन आठवडे भांडी-धुणं, शेतातलं काम नाही, हे नुसतं बाईंना न सांगता घरच्यांनाही सांगा. आणि मोबाइल नंबर दोन घ्या. पाड्यावर रेंज नसते, दुसरा नंबर तिथल्या आशाताईंचा असू दे.